मिस गर्ट्रूड जीकिल आणि त्यांची शरदांतील बाग

आपल्याकडे पावसाळा सरत आला म्हणजे माळरानावर तेरडा फुलतो; दसऱ्याच्या सुमारास झेंडूचीं पिवळीं व केशरी फुलें गाड्या भरभरून बाजारांत येतात; आणि पुढें थंडी पडूं लागली कीं परसांतील शेवंती उमलते. आपणांस शरद ऋतु म्हणजे पाऊस संपून आकाश निवळल्याचा आनंद होय. परंतु इंग्लंडसारख्या उत्तरेकडील देशांत शरदाचें स्वरूप निराळें असतें. तेथें सप्टेंबरापासून दिवस भराभर लहान होऊं लागतात, सकाळीं धुकें पडतें, आणि पुढें येणाऱ्या कडक हिवाळ्याची चाहूल लागते. झाडांच्या पानांतील हरितद्रव्य या दिवसांत नाहींसें होऊं लागतें. तोंपर्यंत त्याच्याखालीं झांकून राहिलेलीं पिवळीं द्रव्यें मग उघडीं पडतात, आणि कित्येक झाडांच्या पानांत लाल द्रव्य नव्यानें तयार होतें. अशा रीतीनें पान गळण्यापूर्वीं एकदां रंगून जातें. रानांत ही शोभा आपोआप होते; पण घरच्या बागेंतील नाजूक उन्हाळी फुलझाडें पहिल्या हिमानेंच करपून जात, व वाफे उघडे पडत.

वर्षाचा हा उतरता काळ घराभोंवतालच्या बागेंत वैभवाचा काळ होऊं शकतो, हें ज्यांनीं स्वतःच्या अंगणांत करून दाखविलें, त्या मिस गर्ट्रूड जीकिल यांचें अल्पचरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. या बाईंस बाग हेंच आपलें सर्वस्व मानावें लागलें, तें एका मोठ्या आपत्तीमुळें. म्हणून त्यांची हकीकत केवळ फुलझाडांच्या शोकिनांनींच वाचावी अशी नाहीं.

गर्ट्रूडचा जन्म ता. २९ नोव्हेंबर १८४३ रोजीं लंडन येथें झाला. वडील एडवर्ड जीकिल हे लष्करांत कॅप्टन होते. सात भावंडांत तिचा क्रम पांचवा. तिचा धाकटा भाऊ वॉल्टर हा पुढें धर्मोपदेशक झाला, व सुप्रसिद्ध कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांशीं त्याचा स्नेह होता. स्टीव्हन्सन यांच्या १८८६ सालच्या कथेंतील डॉक्टर जीकिल या पात्राचें नांव याच घराण्यावरून आलें असें म्हणतात. १८४८ सालीं हें कुटुंब सरे परगण्यांतील ब्रॅमली या गांवीं राहावयास गेलें. तेथील ओढे, रानें, कुंपणें आणि पायवाटा यांतून हिंडण्यांत या मुलीचें बाळपण गेलें. रानफुलें गोळा करावीं, घरीं आणून पुस्तकाच्या साहाय्यानें त्यांचीं नांवें शोधावीं, हा तिचा छंद. सुतार, लोहार, गवंडी हे आपापलीं कामें कशीं करितात हें ती टक लावून पाहत असे, आणि हातानें करण्याच्या कोणत्याहि कामाविषयीं तिच्या मनांत तेव्हांपासून जो आदर उत्पन्न झाला, तो जन्मभर टिकला.

१८६१ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, ती लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथील कलाशाळेंत दाखल झाली. त्या काळीं सुखवस्तु घरांतील मुलीनें चित्रकलेचा शास्त्रशुद्ध अभ्यास करावा, ही गोष्ट सर्वसाधारण नव्हती. तेथें तिला रंगशास्त्राचें शिक्षण मिळालें. एका रंगाशेजारीं दुसरा ठेविला असतां दोघांचेंहि रूप कसें पालटतें, हा त्या शास्त्रांतील एक मुख्य प्रश्न होय. १८६३ सालीं ब्रिटिश म्यूझियममधील विद्वान चार्ल्स न्यूटन व त्यांची पत्नी मेरी यांच्यासमवेत तिनें ऱ्होड्स बेट, कॉन्स्टँटिनोपल, अथेन्स वगैरे ठिकाणीं प्रवास केला. परत आल्यावर टर्नर या थोर चित्रकाराच्या चित्रांच्या नकला करण्यांत तिनें पुष्कळ काळ घालविला. सूर्यास्ताचा पिवळा प्रकाश हळूहळू तांबूस होत जातो, आणि त्याच्या कडांस निळसर धुकें भरून राहतें, हें टर्नरच्या चित्रांतून तिनें शिकून घेतलें. याखेरीज भरतकाम, चांदीवरील ठोकाम, लांकडावरील जडावकाम, सोनेरी मुलामा देणें, अशा अनेक कला तिनें आत्मसात् केल्या. जॉन रस्किन व विल्यम मॉरिस या त्या युगांतील कलाचिंतकांशींहि तिची भेट झाली होती.

मिस जीकिल यांस येथून पुढें आम्ही बाई म्हणूं. १८७६ सालीं वडील वारले, आणि १८७८ सालीं बाई आपल्या आईसह सरे परगण्यांत परत आल्या. गोडॅल्मिंग गांवाजवळ मनस्टेड नांवाच्या टेकाडावर त्यांनीं घर बांधविलें. १८८३ च्या सुमारास बाईंनीं याच घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, सुमारें १५ एकरांची जागा स्वतःसाठीं विकत घेतली. जागा कांहीं मोठी सुपीक नव्हती. माती रेताड व कोरडी. पूर्वीं तेथें पाइन वृक्षांचें रान होतें तें तोडून नेलेलें, आणि त्याच्या जागीं बर्च, ओक, चेस्टनट इत्यादि झाडांचीं रोपें आपोआप उगवून दाटी झालेली. बाईंनीं तें रान सरसकट साफ केलें नाहीं. कोणत्या कोपऱ्यांत कोणतें झाड ठेवावें हें पाहून त्यांनीं विरळणी केली, म्हणजे एका बाजूस रुपेरी सालीच्या बर्च झाडांचाच समूह राहील, दुसऱ्या बाजूस चेस्टनटांचा. शरदांत बर्चचें पान पिवळें होतें. तीं झाडें एकत्र राखल्यामुळें रानाचा एक भागच्या भाग एका रंगानें उजळून निघे. पेरल्याशिवाय मिळालेली ही शोभा, केवळ काय ठेवावें व काय काढावें या विवेकानें साधलेली होती.

आतां आम्ही त्या आपत्तीकडे वळतों. बाईंची दृष्टि लहानपणापासून अधू होती. दूरचें दिसत नसे, आणि वयाबरोबर हा दोष वाढतच गेला. त्यांत बारीक भरतकाम व चित्रकाम यांचा ताण पडून डोळे दुखूं लागले. १८९१ सालीं त्या जर्मनींत वीसबाडेन येथें एका नामांकित नेत्रवैद्यांस डोळे दाखविण्यास गेल्या. वैद्यांनीं तपासून सांगितलें कीं दोष बरा होण्यासारखा नाहीं. असलेली दृष्टि टिकवावयाची असेल तर चित्रकला व भरतकाम सोडून द्यावें. बाई त्या वेळीं ४७ वर्षांच्या होत्या. तीस वर्षें ज्या विद्येची उपासना केली, ती एका दिवसांत हातांतून काढून घेतली गेली. विद्यार्थ्यांस हें दुःख कदाचित् पूर्णपणें उमगणार नाहीं. परंतु आमच्यासारखे जे त्या वयाच्या आसपास आहेत, त्यांस तें सहज कळेल. त्या वयांत मनुष्य नवें कांहीं आरंभण्याच्या गोष्टी फारशा बोलत नाहीं.

बाईंनीं काय केलें? बागेचा नाद त्यांस पूर्वींपासून होताच. १८७५ सालीं विल्यम रॉबिन्सन या उद्यानतज्ज्ञांशीं त्यांची ओळख झाली होती, व त्यांच्या पत्रांत त्या लेखहि लिहीत असत. परंतु आतां जें सर्व रंगज्ञान चित्रफलकावर वापरावयाचें, तें त्यांनीं जमिनीवर वापरावयाचें ठरविलें. चित्राला जवळून पाहावें लागतें. ताटव्याला दहा पावलांवरून पाहिलें तरी चालतें. किंबहुना आम्हांस असें वाटतें कीं ज्याला पाकळी न् पाकळी स्पष्ट दिसते, तो एकेक फुलांत गुंतून पडतो. बाईंस दूरचीं फुलें केवळ रंगाचे पुंज म्हणून दिसत असावींत, आणि म्हणूनच पुंजांची जुळणी त्यांस इतकी उत्तम साधली. उणिवेचा असा उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

१८८९ सालीं एका शेजाऱ्याच्या घरीं चहाच्या वेळीं एडविन लट्येन्स नांवाच्या वीस वर्षांच्या तरुण वास्तुशिल्पज्ञाशीं त्यांची गांठ पडली. वयांत पंचवीस वर्षांचें अंतर असूनहि दोघांची मैत्री जमली. दोघांनीं मिळून आसपासच्या खेड्यांतील जुनीं घरें पाहिलीं, आणि १८९७ सालीं त्या जागेंत लट्येन्स यांनीं बांधलेलें मनस्टेड वुड हें बाईंचें घर पुरें झालें. बाग आधीं आणि घर मागून, असा हा क्रम. हेच लट्येन्स पुढें नवी दिल्लीचे एक प्रमुख शिल्पकार झाले. आज ज्यास राष्ट्रपति भवन म्हणतात तें घर व त्यामागील बाग यांची रचना त्यांचीच. पुढें अनेक वर्षें घर लट्येन्स यांनीं योजावें व झाडें बाईंनीं, अशी पद्धत पडून गेली.

मनस्टेड वुड येथील मुख्य ताटवा २०० फूट लांब व १४ फूट रुंद होता, आणि त्याच्या पाठीशीं ११ फूट उंचीची दगडी भिंत होती. तो उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरापर्यंत फुलत राहावा अशी योजना होती. पश्चिमेच्या टोंकाला राखी व निळसर पानांचीं झाडें, त्यांत निळीं, पांढरीं, फिकट पिवळीं व फिकट गुलाबी फुलें. तेथून पुढें जावें तसतसा पिवळा रंग गडद होत जाई, मग नारिंगी, आणि ऐन मध्यावर डेलिया, कर्दळ इत्यादींचा लाल भडक जाळ. त्यापुढें हाच क्रम उलट फिरून पूर्वेच्या टोंकास पुनः राखी पानें येत. मात्र तेथें निळ्याऐवजीं जांभळीं फुलें. टर्नरचा सूर्यास्तच त्यांनीं मातींत लावला, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

हा क्रम निव्वळ हौसेचा नव्हता. त्याला शास्त्राचा आधार होता. डोळा एका रंगानें तृप्त झाला कीं त्याच्या विरोधी रंगासाठीं तो भुकेला होतो. याविषयीं बाईंनीं आपल्या वाचकांस एक सोपा प्रयोग सांगितला आहे. केशरी झेंडूच्या दाट फुलोऱ्याकडे अर्धा मिनिट टक लावून पाहावें, आणि मग लगेच दृष्टि त्याच्या पानांवर न्यावी. तीं पानें निळीं भासतात. डोळ्यांतील जे ज्ञानतंतु केशरी रंग टिपतात ते थकल्यामुळें असें होतें. झेंडूचें मूळ ठिकाण मेक्सिको. पण आतां तो आपल्या दारच्या तोरणांत इतका रुळला आहे कीं हा प्रयोग करण्यास आमच्या विद्यार्थ्यांस इंग्लंडास जावयास नको.

आतां शरदाच्या खास बागेविषयीं. एकाच जागीं बारा महिने फुलें मागूं नयेत. प्रत्येक ऋतूस बागेंतील एक जागा नेमून द्यावी, असें बाईंचें तत्त्व होतें. वसंताचा भाग निराळा, जूनचा निराळा, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांसाठीं ॲस्टर फुलांचे स्वतंत्र ताटवे. या फुलांस इंग्लंडांत मिकलमस डेझी म्हणतात, कारण २९ सप्टेंबर रोजीं येणाऱ्या संत मायकेलच्या सणाच्या सुमारास तीं फुलतात. त्यांतील बहुतेक जाती मूळच्या उत्तर अमेरिकेंतल्या, आणि आपल्या शेवंतीच्याच कुळांतल्या. मध्यें पायवाट, दोन्ही बाजूंस पांढऱ्या, फिकट जांभळ्या व गर्द जांभळ्या फुलांच्या राशी, आणि पायवाटेच्या कांठाला रुपेरी पानांची किनार. त्या किनारींत एक झाड असें होतें कीं त्याचें पान मेंढराच्या कानासारखें मऊ लागतें. सभोंवतालचें रान पिवळें व तांबूस होत असतां त्याच्या पुढें हा जांभळा रंग उठून दिसे, आणि मावळत्या वर्षाची उदासीनता क्षणभर दूर होई.

या शोभेमागें किती कष्ट असत, हें पाहिलें पाहिजे. ॲस्टरची झाडें उंच वाढून वाऱ्यानें आडवीं होतात. त्यांस काठी लावून सुतळीनें आवळून बांधलें, तर झाड केरसुणीसारखें दिसतें. म्हणून बाई जून महिन्यांतच, झाडें लहान असतां, ओक व चेस्टनट यांच्या फाटेदार डाहाळ्या त्यांच्यामध्यें रोवीत. झाडें त्यांतून वाढत, त्यांवर विसंबत, आणि शरद येईपर्यंत त्या डाहाळ्या पानांत लपून जात. आधार पुरा मिळावा, पण तो दिसूं नये! आम्हां शिक्षकांस यापासून घेण्यासारखा धडा आहे.

दुसरी अडचण अशी कीं उन्हाळी फुलें संपल्यावर ताटव्यांत खिंडारें पडतात. त्यावरहि बाईंनीं युक्ति शोधली होती. निळ्या डेल्फिनियमचे तुरे सुकले कीं त्यांच्यामागें लावलेला पांढऱ्या फुलांचा वेल पुढें ओढून त्या देंठांवर पसरावयाचा; त्याचा बहर ओसरला कीं दुसरा वेल. जिप्सोफिलाचा पांढरा फुलोरा तपकिरी पडूं लागला कीं त्यावर नॅस्टर्शियमचा लालकेशरी वेल चढवावयाचा. तरीहि जागा उरलीच, तर कुंड्यांतून वाढविलेलीं हायड्रेंजिया किंवा लिलीचीं झाडें तेथें आणून बसवावयाचीं. एकाचें संपेल तेथें दुसऱ्यानें आरंभ करावा, हा त्यांच्या बागेचा नियम होता, आणि त्यांच्या आयुष्याचाहि तोच होता.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें अन्यायाचें होईल. बाई खाऊनपिऊन सुखी घरांतल्या होत्या. त्यांच्या पदरीं अनेक माळी होते, आणि त्या माळ्यांचीं नांवें आज फारशीं कोणी घेत नाहीं. २०० फुटांचा ताटवा एका बाईच्या दोन हातांनीं उभा राहत नाहीं. परंतु बाई हुकूम सोडून सावलींत बसणाऱ्यांपैकीं नव्हत्या. त्या स्वतः खणीत, लावीत, छाटीत. १९२० सालीं चित्रकार विल्यम निकल्सन त्यांचें चित्र काढावयास आले, तेव्हां उजेड आहे तोंवर काम टाकून बसावयास बाई तयार होईनात. वाट पाहतां पाहतां निकल्सन यांनीं त्यांच्या झिजलेल्या जाड बुटांचेंच एक चित्र काढलें. तें लंडनच्या टेट गॅलरींत आहे, आणि चेहऱ्याच्या चित्रापेक्षां त्यावरूनच बाईंची ओळख अधिक पटते असें आम्हांस वाटतें. शिवाय आपली विद्या आपण केवळ कलाशाळेंत शिकलों असें त्यांनीं कधीं मानिलें नाहीं. सरे परगण्यांतील गरीब खेडुतांच्या घरांपुढें जे हातभर वाफे असत, त्यांपासूनहि त्या पुष्कळ शिकल्या. त्या लोकांचीं भांडीं, अवजारें, रीतीभाती नाहींशा होत चालल्या हें पाहून त्यांनीं १९०४ सालीं त्यांविषयीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला.

बाईंनीं सुमारें ४०० बागांच्या योजना आंखल्या व एक हजारांहून अधिक लेख लिहिले. १८९९ सालीं त्यांचें पहिलें पुस्तक निघालें. १९०८ सालीं फुलबागेंतील रंगांवरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ, आणि त्याच वर्षीं मुलांसाठीं बागेवरील एक पुस्तक. त्या शेवटल्या पुस्तकांत त्यांच्या मांजरांचींहि छायाचित्रें आहेत. उतारवयांत त्या फारशा प्रवासास जात नसत. लोक टपालानें जागेचे नकाशे धाडीत, आणि त्यावरून त्या घरीं बसून झाडें योजीत. पहिल्या महायुद्धाच्या काळांत फ्रान्समध्यें मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या कांहीं दफनभूमींसाठींहि त्यांनीं फुलझाडांच्या योजना करून दिल्या. घरापासून दूर पडलेल्या त्या मुलांच्या थडग्यांपाशीं घरच्या बागेंतलींच साधीं फुलें असावींत, हा त्या कामाचा हेतु.

१९३२ सालच्या सप्टेंबर महिन्यांत त्यांचा धाकटा भाऊ हर्बर्ट, जो समोरच्याच घरांत राहत असे, तो वारला. तो शरद बाईंचा अखेरचा ठरला. ता. ८ डिसेंबर १९३२ रोजीं, वयाच्या ८९ व्या वर्षीं, त्या मनस्टेड वुड येथें निधन पावल्या. नेत्रवैद्याच्या त्या निकालानंतर त्यांनीं तब्बल ४१ वर्षें काम केलें होतें. बझब्रिज येथील चर्चच्या आवारांत त्यांस मूठमाती देण्यांत आली. तेथील स्मारक लट्येन्स यांनीं केलें, आणि त्यावर त्यांस कलावंत, बागवान व कारागीर या तीन नात्यांनीं संबोधिलें आहे.

बाग ही चित्रासारखी टिकत नाहीं. बाईंच्या मागें मनस्टेड वुडची जागा वांटली गेली व ताटवे पूर्वींसारखे राहिले नाहींत. परंतु त्यांचे बहुतेक नकाशे अमेरिकेंतील उद्यानरचनाकार बीअट्रिक्स फॅरंड यांनीं जपले, व ते आज कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संग्रहीं आहेत. आणि २०२३ सालीं इंग्लंडांतील नॅशनल ट्रस्ट या संस्थेनें मनस्टेड वुड आपल्या ताब्यांत घेतलें.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या घरीं बागेस जागा नसेल. डब्यांत लाविलेलें एखादें झेंडूचें किंवा शेवंतीचें रोप एवढीच कोणाची बाग असेल. त्यांनीं खंत करूं नये. येत्या आश्विनांत त्या झेंडूपाशीं अर्धा मिनिट उभें राहावें, मग पानाकडे पाहावें, आणि तें निळें दिसतें कीं नाहीं हें आम्हांस येऊन सांगावें. दृष्टि मंद होत असतां एका बाईंनीं जें पाहिलें, तें धड डोळे असून आपण अद्याप पाहिलें आहे काय, हा प्रश्न मग ज्याचा त्यानें आपल्याशींच विचारावा.